रात्री हात बधिर होऊन जाग येते: मनगटात नस नेमकी कशाने दबते?

अमळनेरची सून

नमस्कार मंडळी. घरी शिलाईकाम करते आणि होळी झाली की पापड, बिबडे, कुरडयांच्या ऑर्डरी घेते. वय ४४. यंदा उन्हाळकाम संपलं, पाऊस लागला, तरी उजवा हात ताळ्यावर येईना. दिवसा फार त्रास नाही. रात्री मात्र गाढ झोपेतून जाग येते. मुंग्या, आग, बोटं सुजल्यासारखी वाटतात आणि दिवा लावून बघितलं तर सूज काहीच नसते. उठून हात झटकला, खाटेखाली लोंबता सोडला की थोड्या वेळाने उतरतं. हल्ली ब्लाउजला हुक लावताना सुई बोटांतून निसटते. आता डाव्या हातालाही सुरू झालंय.

एका ठिकाणी मानेचा फोटो काढून 'मणक्यात गॅप आहे' सांगितलं, पट्टा दिला. दुसरीकडे कमजोरी म्हणून लाल इंजेक्शनांचा कोर्स झाला. तिसरे म्हणाले, मनगटात नस दबलीय, ऑपरेशन करून टाका. मी घाबरून परत आले.

मला एवढंच समजून घ्यायचंय की ही नस दबते कशाने? पापडाने, मशीनने की वयाने? सासूबाई म्हणतात मोबाईलने. (घरात मोबाईल सगळ्यात जास्त त्याच बघतात, ते सोडा.)

जिभाऊ पारोळेकर

ताई, हाऊ वात शे. मनी माय बी रातले उठी उठीसन हात झटके. निरगुडीचा पाला गरम करून शेक द्या, रात्री तीळतेल चोळा. ऑपरेशनच्या नादी लागू नका. आमच्या गावात एकाने केलं, त्याची मूठ कित्येक महिने वळत नव्हती.

केळीबाग रावेर

ताई, माझा उजवा हात असाच गेला होता. केळीत पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापायचं काम सुरू झालं की विळा दिवसभर गच्च धरावा लागतो, घड कापणीच्या वेळी तर बघायलाच नको. मला रावेरच्या डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं. ठिबकची लॅटरल, म्हणजे झाडांना पाणी देणारी बारीक नळी, दगडाखाली दबली की दगडाजवळच्या झाडाला काही होत नाही, पुढची झाडं सुकतात. तशी नस मनगटात दबते आणि बोंब बोटांत होते.

हाडवैद्य नव्हे

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, धुळ्यात. इथे बसून निदान करणार नाही, पण ताईंनी प्रश्न नेमका विचारलाय म्हणून आधी मीच थोडं विचारतो.

मुंग्या कोणत्या बोटांना येतात? करंगळीला येतात का, हे दोन-तीन रात्री लक्ष देऊन बघा. बहुतेक लोक 'सगळा हात' म्हणतात आणि नीट पाहिलं की करंगळी सुटलेली असते. तळहाताच्या मधल्या भागाची कातडी बधिर आहे का? अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो दोन्ही हातांचा सारखा दिसतो का? मान वळवली की हातात कळ उतरते का? आणि हाताशी संबंध नाही असं वाटणारे प्रश्न: वजन वाढलंय का, थकवा, बद्धकोष्ठ, केस गळणं, पाळी अनियमित? साखर तपासलीय का? मनगट कधी मोडलं होतं का? घरात आई किंवा बहिणीला हाच त्रास आहे का?

अमळनेरची सून

डॉक्टर, काल-परवा मुद्दाम लक्ष दिलं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं, आणि करंगळीशेजारच्या बोटाची अर्धी बाजू, मधल्या बोटाकडची. करंगळीला काही नाही! इतके महिने मी सगळ्यांना सगळा हात सांगत होते. तळहात ठीक आहे. मान वळवून काही होत नाही. उंचवटा मला सारखाच वाटतो, धाकट्याला विचारलं तर तो म्हणे उजवा जरा चपटा.

वजन दोन वर्षांत बरंच वाढलंय. थकवा आहे, पण तो कोणत्या बाईला नसतो? साखर गेल्या वर्षी नॉर्मल होती. थायरॉईड कधी केलं नाही. मनगट मोडलेलं नाही. आईचे हात बधिर व्हायचे हे खरं, ती त्याला जातं ओढल्याचं फळ म्हणायची.

हाडवैद्य नव्हे

आता जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर वगळा.

मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली आणि दोन्ही बाजूंना मनगटाची छोटी हाडं, वरून एक जाड, न ताणणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात, ज्यांना आम्ही टेंडन म्हणतो. चार बोटांच्या दोन-दोन आणि अंगठ्याची एक. त्यांच्या सोबतीला एकच नस, मीडियन नर्व्ह. सगळ्यांत मऊ तीच. आत कशानेही गर्दी झाली, म्हणजे टेंडनची आवरणं सुजली, पाणी साठलं, एखादी गाठ आली, हाड सरकलं, तर पहिला मार तिला बसतो. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळीची नस वेगळी, अल्नर, आणि ती या बोगद्यातून जातच नाही. म्हणून करंगळीचा प्रश्न आधी विचारला. तळहाताच्या कातडीला जाणारी फांदी बोगद्याच्या अलीकडेच फुटून पट्ट्याच्या वरून जाते, म्हणून तळहात शाबूत राहतो. या दोन गोष्टी जुळल्या की मानेचा संशय बराच कमी होतो. चाळिशीनंतर मानेच्या फोटोत काही ना काही झीज बहुतेकांना दिसते. फोटोत दिसली म्हणून हाताच्या मुंग्या तिच्यामुळेच, असं होत नाही.

रावेरच्या दादांचं ठिबकचं उदाहरण मी पेशंटना सांगायला घेणार, पण एक दुरुस्ती हवी. नसेतून पाण्यासारखं काही वाहत नसतं. दाब वाढला की नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आधी आवळल्या जातात, नस उपाशी पडते आणि मुंग्या येतात. दाब उतरला की पूर्ववत. हे महिनोन् महिने चाललं की नसेवरचं आवरण खराब होतं आणि शेवटी आतले तंतू. तोवर अंगठ्याचा उंचवटा बसलेला असतो. तो परत येईलच याची खात्री देता येत नाही.

हा दाब लोकांनी प्रत्यक्ष मोजलाय. अमेरिकेत १९८१ साली गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी बोगद्यात बारीक नळी घालून बघितलं. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना दाब सरासरी अडीच मिलिमीटर पारा, हा त्रास असलेल्यांचा ३२. मनगट पुढे वाकवलं की निरोगी माणसाचाही ३१ पर्यंत जातो, रुग्णांचा ९४. मागे वाकवलं तर रुग्णांचा ११०. आपण झोपेत हात कुशीत घेऊन मनगट दुमडतो, आडवं पडल्यावर अंगातलं पाणी हातांकडेही सरकतं आणि बोटांची हालचाल बंद असते. त्रास रात्रीचा का, याचं उत्तर यात आहे.

आता मूळ प्रश्न, कशाने. बऱ्याच रुग्णांत एकच असं कारण सापडत नाही. काहींचा बोगदा जन्मतःच अरुंद असतो, तो घराण्यात चालतो. ताईंच्या आईचे हात बधिर व्हायचे त्यात जात्याइतकाच मनगटाच्या ठेवणीचा वाटा असू शकतो. बायकांत हे प्रमाण पुरुषांच्या साधारण तिप्पट, आणि चाळीस ते साठ या वयात जास्त. त्यावर शरीराच्या आतलं काहीतरी चढतं: थायरॉईड कमी असणं, मधुमेह, वाढलेलं वजन, गरोदरपण, संधिवात. आणि त्यावर कामाचा ताण. ताईंच्या बाबतीत मला पापडाच्या आधी थायरॉईड बघायचंय. दोन्ही हात, वाढलेलं वजन, थकवा. थायरॉईड कमी पडलं की ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ साठतो आणि बोगद्यात जागा उरत नाही. टीएसएचची साधी रक्ततपासणी आहे, सोबत एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, करून घ्या.

पापडवाली चोपडा

डॉक्टर, राग मानू नका. 'दोन्ही हात' हे थायरॉईडचं लक्षण म्हणून धरलंत, पण लाटणं काय एका हाताने धरतात? उडदाचं पीठ कुटायचं, मळायचं, मग दोन्ही तळहातांचा भार देऊन लाटायचं. आमच्या गटातल्या निम्म्या बायका मार्च ते मे हात झटकत असतात आणि पावसाळ्यात बऱ्या होतात. त्या सगळ्यांना काय थायरॉईड आहे?

हाडवैद्य नव्हे

राग कसला, मुद्दा बरोबर आहे. दोन्ही हातांनी लाटलं जातं आणि लाटताना मनगट मागे वाकलेलं असतं, वरून भार, आणि तेच तासन् तास. जोर, वाकडं मनगट आणि तीच तीच हालचाल, कामाच्या बाबतीत हे तीन एकत्र आले की धोका वाढतो. पण तुमच्याच वाक्यात उत्तर आहे. तुमच्या गटातल्या बायका पावसाळ्यात बऱ्या होतात. अमळनेरच्या ताई झाल्या नाहीत. काम थांबूनही जे थांबत नाही त्याच्यामागे दुसरं काही आहे का, हे बघायला हवं. पापड निर्दोष आहेत असं मी म्हणालो नाही.

हिंजवडीतला खान्देशी

हे वाचून मला मनगट दुखायला लागलं. दिवसाचे नऊ-दहा तास कीबोर्ड. आमच्या कंपनीत सगळे याला कॉम्प्युटरचाच आजार समजतात. एचआरने जेलवाले माऊसपॅड वाटलेत.

हाडवैद्य नव्हे

माऊसपॅडने नुकसान नाही, पण कीबोर्डचा आणि या आजाराचा थेट संबंध अजून ठामपणे दाखवता आलेला नाही. काही अभ्यासांत थोडा दिसतो, काहींत नाही. जोराने पकडणं आणि कंपन यांचा पुरावा त्याहून भक्कम आहे. मनगट मोडल्यावर ही नस दबते हे इंग्लंडच्या जेम्स पॅजेट यांनी १८५४ साली लिहून ठेवलंय. तेव्हा टाईपरायटरही बाजारात नव्हता. तुमचं मनगट नुसतं दुखत असेल आणि मुंग्या नसतील तर बहुधा ते स्नायूंचं दुखणं आहे.

भुसावळ जंक्शन

कंपनाचा विषय निघाला म्हणून लिहितो. वडील रेल्वेत ट्रॅकवर होते. आधी बीटरने खडी ठोकायची, नंतर हातात धरायची मशीन आली. ती चालवून घरी आले की चहाचा कप धरता यायचा नाही. निवृत्तीनंतर कमी होईल असं वाटलं, उलट वाढलं. तेव्हा साखर निघाली, ती किती वर्षं होती देव जाणे. डॉक्टरांनी सांगितलं की कंपनाने नस आधीच दुखावलेली आणि साखरेने ती थोड्या दाबालाही सोसेनाशी झाली. दोन्ही हातांचं ऑपरेशन झालं. मुंग्या गेल्या, रात्रीची झोप आली. अंगठ्यातली ताकद मात्र पूर्ण आली नाही, उशीर झाला होता.

म्हणून सांगतो, 'काम सोडलं की जाईल' यावर फार विसंबू नका.

पथारीवरची लेक, नंदुरबार

माझी आई मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवतात त्या मैदानावर, देठ खुडायला जायची. बसून काम, दिसायला हलकं, पण अंगठा आणि तर्जनी दिवसभर एकच चिमटा. तिखटाने आग व्हायची, त्यामुळे बोटांची आग ही मिरचीचीच, असं आम्ही सगळे धरून चाललो. रविवारी सुट्टी असली तरी रात्री आग व्हायची तेव्हा कुठे शंका आली. कापूस वेचणाऱ्या बायकांचंही तेच असतं का? वेचणीतही चिमटाच आहे.

केळीबाग रावेर

वेचणीचं माहीत नाही, पण म्हशींची धार काढणाऱ्यांना होतं हे नक्की. आमच्याकडे सालदाराने सहा म्हशींची धार हाताने काढून हात घालवला होता. आता मशीन घेतलं.

हाडवैद्य नव्हे

हाताने धार काढणाऱ्यांत हा आजार जास्त आढळतो, इतर देशांतही तसं दिसून आलंय. गच्च मूठ, मनगट वाकलेलं, रोज दोन वेळा, आणि खाडा नाही. वेचणीत आणि देठ खुडण्यात जोर तुलनेने कमी, पण हालचाल अमाप. तिथे अंगठ्याच्या मुळाशी टेंडन सुजणं जास्त दिसतं. त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात, त्यात दुखतं, मुंग्या येत नाहीत. पथारीवरच्या ताईंच्या आईला मात्र रात्रीची आग होती, म्हणजे तपासायला हवं होतं.

नवी आई, धुळे

मला सातव्या महिन्यात सुरू झालं. अंगठी निघेना, बोटं सकाळी वळेनात, रात्री दोन्ही हात बधिर. सासरी म्हणाले, पोटात पोरगी आहे म्हणून. (झाला मुलगा.) डॉक्टरांनी रात्री बांधायचा पट्टा दिला, दुसरं काही नाही. बाळंतपणानंतर हळूहळू गेलं, पण बाळाला पाजताना एकाच हातावर डोकं धरून बसलं की अजून कधीतरी मुंग्या येतात. गरोदर बायकांनी उगाच घाबरू नये म्हणून लिहिलं. पुढच्या तपासणीला सांगावं मात्र नक्की.

लळिंग चढ

माझं उलटं आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, बाकी तीन बोटं ठणठणीत. सुट्टीच्या दिवशी धुळ्याहून लळिंगपर्यंत आणि पुढे सायकल मारतो. हेच का?

हाडवैद्य नव्हे

हे वेगळं. ही अल्नर नस. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला तिची स्वतःची एक छोटी वाट आहे, गियॉन कॅनाल. हँडलवर तळहाताची तीच कड टेकवून अंगाचा भार दिला की ती तिथे दबते. सायकलवाल्यांचा हा नेहमीचा त्रास आहे. सीटचा पुढे झुकलेला कोन बघा, ग्लोव्हज घाला, हाताची जागा बदलत राहा. पण हीच नस कोपरातही दबते. फोनवर बोलताना कोपर दुमडून वाढत असेल, किंवा हाताच्या मागच्या बाजूला करंगळीकडेही बधिरपणा असेल, तर मनगट सोडून कोपर तपासून घ्या.

शहाद्याची आशा

मी आशा सेविका आहे. डॉक्टर सांगतीलच, पण आमच्या भागात एक गोष्ट आधी बघावी लागते. हात बधिर म्हणून बाई येते, आणि दंडावर किंवा पाठीवर फिकट चट्टा असतो, त्याला सुई टोचली तरी कळत नाही. तो कुष्ठरोग असू शकतो. त्यात कोपराजवळची नस दोरीसारखी जाड लागते, करंगळी वाकडी व्हायला लागते. चुलीवर बोट भाजतं आणि फोड आल्यावरच समजतं. लाजेने लोक लपवतात, तोवर बोटं जातात. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं, आणि रोग बरा होतो. कोणाच्या घरात असा चट्टा असेल तर मनगटाचा पट्टा विकत आणण्याआधी केंद्रात दाखवा.

हाडवैद्य नव्हे

शंभर टक्के सहमत, आणि हे मी आधीच लिहायला हवं असं कोणी म्हणालं तर तेही मान्य. कुष्ठरोगात अल्नर नस कोपराशी जास्त करून बाधित होते, पण मीडियन नस मनगटाशीही होते. मुंग्यांपेक्षा बधिरपणा जास्त आणि झटकून उतरत नाही, अशा हाताची कातडी नीट बघायची.

जिभाऊ पारोळेकर

मंडळी, माझ्या घरातलं एक विचारू का? बायकोच्या मनगटाच्या वर, अंगठ्याच्या मागच्या बाजूला झिणझिण्या येतात. तळहाताकडे काही नाही. गोट आणि पाटल्या लेकीच्या लग्नापासून काढलेल्या नाहीत, आता त्या घट्ट झाल्यात.

हाडवैद्य नव्हे

जिभाऊ, तिथे कातडीखालून एक तिसरीच नस जाते, रेडियल नसेची वरवरची फांदी. घट्ट बांगडी, घड्याळ, पुरुषांचं कडं यांनी ती दबते. सोनाराकडून गोट सैल करून घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

जिभाऊ पारोळेकर

डॉक्टर भो, तुमनं पटनं. जळगावला सोनार भरपूर आहेत, हा उपाय परवडणारा. पण ऑपरेशनचं सांगा. शीरच कापाई गई तर?

हाडवैद्य नव्हे

शीर कापायची नसतेच, कापायचा असतो वरचा पट्टा. बोगद्याचं छत उघडलं की दाब उतरतो. बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून होतं, पेशंट त्याच दिवशी घरी. तुमच्या गावच्या माणसाची मूठ काही महिने वळली नाही, यात आश्चर्य नाही. तळहाताच्या कडांना दुखणं आणि पकडीचा कमकुवतपणा सुरुवातीचे काही महिने राहू शकतो, मग ओसरतो. नसेला इजा होण्याचा धोका असतो, पण कमी.

पण मुळात सगळ्यांना लागत नाही. सौम्य असेल तर रात्रीचा पट्टा, कारण सापडलं तर त्याचा उपचार, कामात बदल. मध्ये स्टेरॉइडचं एक इंजेक्शन बोगद्यात देता येतं, त्याने काही आठवडे ते महिने आराम पडतो. पट्टा लावूनही बधिरपणा चोवीस तास राहायला लागला, किंवा अंगठा कमजोर पडून उंचवटा बसू लागला, तर मात्र वेळ घालवायचा नाही. ताईंचा धाकटा 'जरा चपटा' म्हणालाय ते मला खटकतंय. म्हणून नर्व्ह कंडक्शनची चाचणी, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी, लवकर करा. सुरुवातीच्या काळात ती काहींची नॉर्मलही येते, तेव्हा नुसत्या कागदावर जाऊ नका, हात तपासणारा माणूस हवा.

लाल इंजेक्शनांबद्दल. ते बी-१२ आहे. ते कमी असेल तर घ्यायलाच हवं, विशेषतः शाकाहारी लोकांत आणि साखरेची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी असतं. पण त्याचा बधिरपणा साधारणपणे पायांपासून चढतो आणि बोटं निवडून होत नाही. दबलेल्या नसेवरचा दाब त्याने कमी होत नाही. बी-६ च्या गोळ्याही लोक मनाने खातात. त्या फार मोठ्या डोसमध्ये फार दिवस घेतल्या तर त्यांनीच नसा बिघडतात.

हिंजवडीतला खान्देशी

घरच्या घरी बघायची ती चाचणी कोणती? दोन्ही हातांचे पंजे उलटे जोडायचे ती?

हाडवैद्य नव्हे

फेलनची चाचणी. हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून मनगटं पूर्ण दुमडायची, एक मिनिट. तेवढ्यात त्याच साडेतीन बोटांत मुंग्या आल्या तर संशय वाढतो. नाही आल्या म्हणून आजार नाही असं नाही. मानेच्या फोटोसारखंच, याच्या एकट्याच्या भरवशावर काही ठरवायचं नसतं.

अमळनेरची सून

रिपोर्ट आले. टीएसएच १८, म्हणजे थायरॉईड चांगलंच कमी. एचबीए१सी ५.८, साखर काठावर. नर्व्ह कंडक्शनमध्ये उजवा हात मध्यम, डावा सौम्य. थायरॉईडची गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची घाई नको, आधी गोळी आणि पट्टा बघू, पण उजव्या अंगठ्यावर लक्ष ठेवणार आणि चाचणी परत करणार.

पट्टा आणला. मेडिकलवाल्याने दिला तो मनगट वर उचलून धरतो. रात्री घातला तर त्रास जास्त वाटला. सासूबाई म्हणतात, सांगितलं होतं.

हाडवैद्य नव्हे

सासूबाईंना सांगा, या वेळी दोष मोबाईलचा नाही, पट्टीचा आहे. दुकानात मिळतो तो बहुतेक कॉक-अप स्प्लिंट, त्यात मनगट मागे वाकलेलं राहतं. वर दिलेला ११० चा आकडा आठवा. तळहाताच्या बाजूला खिशात ॲल्युमिनियमची पट्टी असते. ती ओढून काढा, टेबलावर ठेवून हाताने दाबून सरळ करा आणि परत घाला. मनगट आणि पंजा एका रेषेत यायला हवा. पट्टे आवळून बांधू नका, खाली एक बोट सरकायला हवं. निदान दीड महिना रोज रात्री, दोन्ही हातांना.

पापडवाली चोपडा

ताई, पुढच्या हंगामाच्या ऑर्डरींचं काय करणार? आमच्या गटाने पीठ मळायचं मशीन घेतलंय, लाटायचं हातानेच. हवं तर मळलेलं पीठ आमच्याकडून घेऊन जा, अमळनेर काही लांब नाही.

अमळनेरची सून

चालेल की. दर व्यक्तिगत निरोपात कळवा. लाटायला दोन बायका लावणार आहे, मी मोजणी आणि पॅकिंग बघेन. डॉक्टर, पट्टी सरळ केली. धाकट्याने फूटपट्टी लावून बघितली.

केळीबाग रावेर

ही पट्टी सरळ करायची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. माझा पट्टा कपाटात पडून आहे. डॉक्टर, पिलं कापताना दिवसा घातला तर चालतो का?

हाडवैद्य नव्हे

कामात नको. मनगट पट्ट्यात अडकलं की जोर कोपरावर आणि खांद्यावर येतो, आणि विळा निसटायची भीती वेगळीच. विळ्याची मूठ जाड करून घ्या, सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली तरी चालते, म्हणजे गच्च आवळावी लागत नाही. विळा धारेचा ठेवा. पट्टा फक्त रात्री.